आवाज बघणारा

आळेफाट्यापासून पारगावपर्यंत कुठलंही लग्न असो, माईक आमच्या स्पीकरवाल्याचाच. आधी माईकवर दोन टिचक्या, मग एक फुंकर, मग "हॅलो, हॅलो, मागं येतोय का आवाज?" माणूस गोड आहे. तरी त्याला बघितलं की माझं डोकं सणकतं.

कारण विकास कॉरिडॉरच्या आराखड्यावर गावोगाव सुनावण्या होतात, तिथंही माईक त्याचाच असतो. साहेब बोलतात तेव्हा आवाज डोंगरावर जाऊन आपटतो. शेतकरी बोलायला उठला, की साहेब घड्याळाकडे बघतात आणि याचा हात मशीनच्या बटणावर जातो. आवाज बारीक होत होत मरतो. पडद्यावरच्या नकाशातला, जमिनी जाणार तिथला जांभळा पट्टा मात्र आमच्या शेतांवर तसाच पसरलेला.

एकदा मी त्याला भर हॉटेलात झापलं. तर हसून म्हणाला, "राव, ऑर्डर त्यांची असती. आपून फकस्त आवाज बगायचा."

परवाची सुनावणी त्याच्याच गावात, महाळुंगे पडवळला होती. पट्टा थेट त्याच्या विहिरीवरून गेला होता. मशीनशेजारी उभं राहून त्यानं स्वतःच माईक धरला. "सायेब, ही हीर आमी हातानं खांदलिया..."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. सवयीनं याचा डावा हात बटणावर गेला, आणि त्याचाच आवाज बारीक होत गेला. ओठ तेवढे हलत राहिले.

संतापून मी मागून ओरडलो, "अरे, वाढव की आवाज!"

त्यानं परवानगीसाठी साहेबांकडे बघितलं.