बाईंचा अंगठा उमटेना

धायरीतला आमचा छोटा फ्लॅट म्हणजे आमच्या म्हातारपणाची काठी, असं मी नातेवाइकांना सांगतो. बायको म्हणते, "काठी आहे खरी, पण आत्तापासूनच पाठीत बसतेय." तिथे भाडेकरू ठेवायचा तर त्याला पारखून घ्यायचं खातं माझ्याकडे. आधार कार्ड, ऑफिसचं पत्र, पोलिसांकडची नोंद हे काय, सगळेच करतात. माझी खरी परीक्षा चहाची. फ्लॅट दाखवण्याआधी माणसाला आमच्या राहत्या घरी चहाला बोलवायचं आणि गप्पांच्या आडून न्याहाळायचं. चपला कशा काढतो, कप कसा धरतो, यावरून मी माणूस ओळखतो. एका अतिशय नम्र गृहस्थांना मी या परीक्षेत पहिला नंबर दिला होता. फ्लॅट सोडताना ते बाथरूमचे नळ काढून घेऊन गेले. ही गोष्ट मी सहसा सांगत नाही.

त्या मे महिन्यात एक मायलेकी आल्या. आई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मुलगी खराडीच्या एका कंपनीत.

"खराडीत नोकरी आणि घर धायरीत? रोज अख्खं पुणं ओलांडणार का गं?" बायकोने विचारलं.

"आठवड्यातून दोनदाच जायचं असतं काकू, बाकी वर्क फ्रॉम होम."

बाईंनी दारात सँडल काढले, पण एवढ्या उन्हाळ्यात पायांत मोजे तसेच ठेवले. मी मनात मार्क दिले: फरशी स्वच्छ राहणार. चहाचा कप त्यांनी पदरात गुंडाळून धरला आणि पार निवल्यावर घेतला. आणखी मार्क: जुन्या वळणाची माणसं. त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "डोळे मिटून द्यावं घर."

"तुम्ही उघडे ठेवून तरी काय दिवे लावलेत?" ती म्हणाली.

करार ऑनलाइन नोंदवून देणारा एजंट हल्ली घरीच येतो. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचं छोटं मशीन घेऊन तो रविवारी आला. बाई म्हणाल्या, "हिच्या एकटीच्या नावावर केलं तर चालेल ना?" मी सावध माणूस. म्हणालो, "राहणार दोघी, तर नावं दोघींची हवीत."

माझा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. मुलीचाही. बाईंचा उमटेना.

"जरा दाबून, काकू. आता डावा. बोटं ट्राय करू. फडक्याने पुसा बरं." मशीन दर वेळी लाल दिवा दाखवी. एजंट हसत म्हणाला, "काकू, भांड्यांचा साबण बदला आता!"

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तळहात उलटा करून टेबलावर ठेवला. लालबुंद, सालं निघालेला, आणि बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत.

"साबण नाही हो. कॅन्सरच्या गोळ्या आहेत. हातापायांची कातडी जाते त्यांनी. गरम कप धरवत नाही, अनवाणी चालवत नाही. दवाखाना तुमच्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, म्हणून धायरी. आधीच्या दोन मालकांना खरं सांगितलं होतं. तुम्हाला नाही सांगितलं."

मी बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही. नूतनीकरणात मीच हौसेने काढून टाकलं होतं.

"उद्या घरात माणूस गेलं, तर पुढे कोण राहायला येईल तिथे?" मी कुजबुजलो.

"हळू बोला."

मी तेच पुन्हा हळू बोललो.

"ऐकू येतंय बरं का," बाहेरून आवाज आला. "मागच्या बाकावरचंसुद्धा ऐकायची सवय आहे मला. करार अकराच महिन्यांचा आहे ना? तुमच्या घरात नाही मरणार मी. शब्द देते."

एजंट लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसला होता. मुलगी खिडकीकडे बघत होती.

"अहो, काय बोलताय असं!" म्हणत बायको बाहेर धावली. मी तिच्या मागून येऊन म्हणालो, "छे, छे, तसं काही नाही." पुण्यात हे वाक्य कधी वापरतात ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

करार मुलीच्या एकटीच्या नावावर झाला.

बाई आदर्श भाडेकरू निघाल्या. कॅलेंडर लावायला एक खिळा मारू का, म्हणून फोन करून परवानगी मागायच्या. मी चिकटवायचा हुक सुचवला. बायको अधूनमधून डब्यात मऊ भात नि मेतकूट घेऊन जायची आणि परत आल्यावर माझ्याशी फार बोलायची नाही.

दिवाळीनंतर त्यांना दवाखान्यात ठेवलं. एके दिवशी मुलीचा फोन आला. बायकोने ऐकून घेतला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या. बाई यायला तयार नाहीत. काकांना शब्द दिलाय म्हणतात."

आम्ही तसेच गेलो. वॉर्डात आठ खाटा, मध्ये पडदेसुद्धा नाहीत. मी वाकून म्हणालो, "बाई, घरी चला. मी काही तो शब्द धरून बसलेलो नाही."

त्यांनी डोळे उघडले. "तुम्ही नाही धरला. मी दिलाय."

"अहो, पण..."

"आता हलवू नका मला. दुखतं." थोडा वेळ दम खाऊन म्हणाल्या, "हुक चांगला निघाला हो तुमचा. भिंतीला काही झालेलं नाही."

दोन दिवसांनी त्या तिथेच गेल्या. मुलीने फ्लॅट सोडला तेव्हा नळ, पंखे, दिवे सगळं जागेवर होतं. फरशी पुसलेली होती.

फेब्रुवारीत एक नवं जोडपं चहाला आलं. या वेळी ती दोघंच मला न्याहाळत होती. तरुणाने जरा संकोचून विचारलं, "काका, राग मानू नका, आई विचारायला सांगते. फ्लॅटमध्ये आधी काही... म्हणजे कुणी गेलं वगैरे नाही ना?"

बायको कप उचलता उचलता थांबली.

"नाही," मी म्हणालो. "घरात कुणी गेलेलं नाही."

रविवारी एजंट आला. तोच. त्याने मशीन माझ्यापुढे सरकवलं, मी अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला.

"काका, तुमचा कसा एकदम क्लिअर येतो," तो म्हणाला.