दिरहमातलं तिकीट

आमच्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सांगितलेली किंमत मुकाट देणारा माणूस मूर्ख वाटतो. नागपुरात स्वतःचं घर, बऱ्या पगाराची नोकरी, दारात गाडी. पण कोथिंबिरीवर चार मिरच्या फुकट पडल्या नाहीत तर यांचा दिवस वाया. लोक म्हणतात, काटकसरी आहेत. मी म्हणतो, अशा माणसाच्या हातात आपली नड एकदा देऊन बघा.

नड माझ्या मायची होती. धाकटी बहीण शारजात नर्स, नवरा जहाजावर, आणि तिचे दिवस भरत आलेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण तिला रजा मिळाली तोवर डॉक्टरांनी विमानाला मनाई केली होती. मग मायनंच जायचं ठरवलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, आमच्या घरात डिंक तळला गेला, खोबरं भाजलं गेलं, लाडवांचा डबा भरला. "कळा सुटल्या का पोरीले मायच लागते," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "मी तवा तिथं पायजे, बस."

मी भंडाऱ्याच्या एजंटाकडे तिकीट बघून आलो होतो. पैसे भरायचे तेवढे राहिले होते. ते भाऊजींच्या कानावर गेलं आणि लगेच फोन आला. "रुपयात काढून राहिला तू? काहून? येडा झाला काय?"

मग ज्ञान सुरू झालं. विमानातली खुर्ची तीच, पण देश बदलला की भाव बदलतो म्हणे. दर रविवारी ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे यायचे आणि एकाच विमानाचं भाडं कधी श्रीलंकेच्या रुपयात, कधी तुर्कस्तानच्या लिरात बघायचे. जे चार पैसे वाचायचे ते बँक परकीय चलनाच्या कमिशनात गिळायची. तसं मी म्हटलं तर म्हणाले, "तुले नाही समजत." माय त्यांच्यापुढे पोहे ठेवत म्हणायची, जवाईबापू किती मेहनत करून राहिले. आणि दिवस जात होते.

मी दोनदा म्हटलं, मी काढतो एजंटाकडून. माय तयार होईना. "जवायाले वाईट वाटन." आमच्या घरात जावई म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तो आधी जेवतो, घरचे मागून. तो उठेपर्यंत त्याच्या ताटाला कोणी हात लावत नाही. त्याचा शब्द मोडायचा म्हणजे लेकीच्या संसाराला नख लावायचं. या मानापायीच असली माणसं फुगतात.

शेवटी एका रविवारी भाऊजींनी मांडीवर थाप मारली. तिकीट निघालं होतं, आणि तेही दिरहमात. शारजाहून नागपूरला यायचं आणि परत शारजाला जायचं, असं जोडतिकीट तिकडच्या भावात आपल्या एकेरी तिकिटापेक्षा स्वस्त होतं. यायचा अर्धा भाग सोडून द्यायचा, जायचा अर्धा मायनं वापरायचा. मी विचारलं, "असं चालते काय?" तर हसले. "काळीपिवळीत जाण्यायेण्याचे पैसे देऊन एकाच बाजूनं बसलं तर डायवर उतरवते काय तुले?" विमान कंपनीला त्यांनी काळीपिवळीच्या रांगेत बसवलं, आणि आम्ही ऐकून घेतलं.

जायच्या दिवशी वस्तीतली माणसं उजाडायच्या आधी उठून आली. मायच्या गळ्यात हार घातले, जय भीम झाले. नागपूरला विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं तिकीट बघितलं, परत बघितलं आणि शांतपणे सांगितलं की या तिकिटाचा पहिला प्रवास झालाच नाही, त्यामुळे पुढचा आपोआप रद्द झालाय. भाऊजींनी आवाज चढवला, नियम विचारला, वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबानंही तेच सांगितलं. विमान भरलेलं होतं आणि पुढचं दोन दिवसांनी होतं. माय हार घातलेली तशीच बाकावर बसली होती.

भाऊजींच्याच गाडीतून परतलो. वाटेत ते कंपनी कशी लुटारू आहे ते सांगत होते. धाकटीला काय सांगायचं, हे कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मायनं चहा टाकला. जावयाला नुसत्या चहावर कसं बोळवायचं, आणि घरात तर दुसरं काही नव्हतं. तिनं बॅग उघडली, डबा काढला आणि बशीत दोन लाडू ठेवले. मला ते बघवेना. भाऊजींनी एक संपवला, दुसरा फोडला. "डिंक मस्त फुलला आहे," म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी होती. पहाटेच कळा सुटल्या होत्या तिला, पण माय निघाली असेल, उगाच घाबरेल, म्हणून कळवलं नव्हतं. "माय, उतरली का वं? मले आत घेऊन राहिले. इथं एक बाई सोबत राहू देतात, मी तुयं नाव सांगितलं आहे."

माय म्हणाली, "नाही वं बाई. मी घरीच आहो."

पलीकडून रडणं आलं, मग कोणीतरी फोन बंद केला. माय फोन हातात धरून उभी राहिली. मला भाऊजींची गचांडी धरावीशी वाटली, खरं सांगतो.

भाऊजींनी चहाचा घोट घेतला. "चला, म्हणजे आता घाई तं नाही राहिली," ते म्हणाले. "दिरहम थोडा उतरू द्या. पुढच्या महिन्यात मी मस्त स्वस्तात काढून देतो."

माय पुढे आली आणि अर्धा लाडू शिल्लक असलेली बशी तिनं जावयाच्या हातासमोरून उचलली. तो अर्धा लाडू परत डब्यात टाकला आणि झाकण दाबून लावलं.

"हे तिच्यासाठी केले व्हते," ती म्हणाली.