चाचांची सव्वादोन इंची चाकं

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, मोटारीत बसणारी आणि मोटारीकडे बघणारी, असं मी समजत होतो. तुळजापुरात आमच्या शेजारचे पत्रेवाले चाचा भेटले आणि तिसरा प्रकार कळला: मोटारीखाली झोपणारी.

चाचांचा धंदा डबे, चाळण्या आणि कंदील कथलाचा डाग देऊन सांधण्याचा. जीव मात्र रॉकेलच्या पत्र्यातून मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात. गाडीचं धड दोन दिवसांत तयार, चाकांना दोन महिने. टायर जुन्या चपलांच्या रबरी तळव्यांतून कापायचा, कानशीनं नक्षी पाडायची, चांभाराच्या चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, डोकी नट म्हणून ठोकायची. आतल्या तबकडीला सर्दीच्या मलमाच्या डबीचं झाकण लागे. त्यामुळे गल्लीत कुणी शिंकलं की चाचांचा चेहरा उजळायचा. "मलम लावा, भाभी, भरपूर लावा," ते कळकळीनं सांगायचे, "आन् डबी फेकू नका." एकदा लॉरीसाठी सहापैकी पाच झाकणं जमली आणि गल्ली ठणठणीत बरी झाली. चाचा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब, एका शेठजींच्या भुईमुगाच्या वखारीत कारकून म्हणून आलेलो. बावीस वर्षांचा होतो, तरी शेठजी खाकरले की माझ्या हातून टाक पडायचा. पहिल्याच महिन्यात तापानं आडवा झालो, तेव्हा चाचींनी अकरा दिवस पेज पाठवली आणि चाचांनी उशाशी बसून मला लॉरीचे सगळे भाग तोंडपाठ करवले. ताप कशानं उतरला, सांगता येत नाही.

म्हणून, शेठजींनी आपली पहिली लॉरी विकायला काढली आणि तिची छोटी प्रत दसऱ्याच्या पूजेला हवी म्हणाले, तेव्हा मी चाचांचं नाव सुचवलं. आयुष्यात मी कुणाची शिफारस केली ती तेवढीच. शेठजी म्हणाले, "दसऱ्याला पूजेत लॉरी दिसली नाही, तर एकादशीला तू तुझ्या कोकणात दिसशील." घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरीवर होत्या. मला हसू आलं नाही.

चाचा चार दिवस सुतळी घेऊन लॉरीखाली. फुटाला पाऊण इंच, म्हणजे चाक सव्वादोन इंच. विकत घेणारा आला तो खालून आलेले पाय बघून बिचकला. "गाडीत काय बिघाड हाय का?"

"गाडीत न्हाय," खालून आवाज आला. "म्या चाकाचं माप घेतोय. तुमी वरचं बगा."

दसऱ्याच्या सकाळपर्यंत पाच चाकं झाली होती. सहावं तीनदा डगमगलं, म्हणून तीनदा मोडलं. "चाचा, शेठजींना काय कळतंय?" मी रडकुंडीला आलो.

"चाकाला कळतं ना, मुन्शी."

पूजेच्या ऐन वेळी सहाव्या चाकासकट लॉरी पाटावर आली. शेठजींनी ती निरखली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मागच्या डाव्या टायरवर मसुरीएवढा रबराचा जोड होता.

"नव्या वस्तूला ठिगळ? हाच का तुझा कारागीर?"

मी मनातल्या मनात वळकटी बांधली. तेवढ्यात त्या लॉरीचे म्हातारे ड्रायव्हर पुढं वाकले. "शेठजी, तामलवाडीपाशी चाक फुटलं व्हतं, त्योच जोड हाय ह्यो. तुमी पोत्यांवर बसून दिवस काढला व्हता."

"व्हय की," शेठजी म्हणाले. मग हळदकुंकू त्यांनी आधी त्या चाकाला लावलं. माझी एकादशी तुळजापुरातच झाली.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी चाचांकडे धावलो, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फिरवली का?"

"काचेच्या कपाटात ठेवलीय, चाचा. मानानं."

"कपाटात." ते कानस पुसत राहिले. "मग चाकं कशाला लावली म्या? पाय लावले असते चार."

तो चेहरा मला बघवला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेठजी दुपारी जेवायला गेले की मी कपाट उघडायचो, लॉरी गादीच्या कडेनं एक फेरी फिरवून आणायचो आणि घाम पुसत परत ठेवायचो. संध्याकाळी चाचांना सांगायचो, "आज फिरली." "डगमगली?" "नाही." चाचा मान डोलवायचे.

चार वर्षांनी मला लातूरला चांगली नोकरी लागली. निघालो त्या दिवशी शेठजी दुपारी घरी गेलेच नाहीत, मला निरोप द्यायला गादीवरच बसून राहिले. कपाटाशी जायचा धीर झाला नाही. चाचांनी "आज फिरली?" म्हणून विचारलं, आणि मी म्हणालो, "फिरली, चाचा." त्यांच्याशी खोटं बोललो तो तेवढाच दिवस.