अभिमनच्या जपाला जबाब

धरणगावात एकच कॅथलिक होता, तो म्हणजे कापसाच्या जिनचा फिटर अभिमन. तरुणपणी भुसावळला रेल्वेत होता, तिथेच बाप्तिस्मा घेतला, तिथल्याच ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. ती वारल्यावर तो गावी परतला, तर भाऊबंदांनी दारातूनच पाणी दिलं. मग जिनमागच्या चाळीत एक खोली घेतली आणि राहिला.

रोमच्या पोपसाहेबांनी फर्मान काढलं होतं की ख्रिस्तप्रसाद वरचेवर घ्या, जमल्यास रोज घ्या. फर्मान चांगलंच होतं. पण धरणगावला तो द्यायला फादर यायचे वर्षातून दोनदा, तेही गाडी वेळेवर असली तर. बाकी दिवस अभिमनची जपमाळ आणि अभिमन. आता जपमाळ हे खरं तर दोघांचं काम. एकानं ‘नमो मरिये’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘पवित्र मरिये’ म्हणून ते पुरं करायचं. बायको होती तोवर ती जबाब द्यायची. आता दोन्ही बाजू त्यालाच ओढाव्या लागत. जबाबाच्या वेळी तो आवाज जरा बारीक काढी. ऐकणाऱ्याला हसू यावं, पण ऐकणारीला कधी आलं नाही.

ऐकणारी होती शेजारच्या खोलीतली शेवंताबाई. ही प्रॉटेस्टंट मिशनची बायबलबाई. खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. गावात ख्रिस्ती म्हणावेत असे हे दोघंच, मध्ये एक कुडाची भिंत, आणि एकत्र प्रार्थनेला मात्र बंदी! पाखंड्यांबरोबर प्रार्थना करणं पाप, असं अभिमनला शिकवलेलं. तिच्या पंथात मरियेला हाक मारणं वर्ज्य. वाटीभर कालवण इकडून तिकडे जाई, देव तेवढा ज्याचा त्याच्या घरी.

छत्तीस सालच्या जानेवारीत फादरांनी कागद पाठवला: सगळ्या ख्रिस्ती लोकांचा एक कळप व्हावा, दुरावलेले परत यावेत, म्हणून आठ दिवस प्रार्थना कर. अभिमननं सुरू केली.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईनं विचारलं, “भाऊ, त्या दुरावलेला कोन शेतस?”

“तुम्ही, अक्का.”

ती पदर तोंडाला लावून हसली. “आनि आम्ही म्हनतस, तुम्ही दुरावनात!”

आठव्या संध्याकाळी अभिमनला खोकला अनावर झाला. ‘नमो मरिये’ कसंबसं झालं, पुढं शब्द फुटेना. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, “पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर...” बाईला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आपल्या पंथाचा नियम मोडून ती एका खोकणाऱ्या माणसाला जबाब देत होती.

अभिमनला रडूच कोसळलं. किती वर्षांनी! आता फक्त पुढचं ‘नमो मरिये’ म्हणायचं होतं. तो घाबरला. त्यानं माळ मुठीत दाबली आणि गप्प बसला. पलीकडे बाई वाट पाहत राहिली, मग तिकडचा दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं “जेवनात का भाऊ?” विचारलं. जबाब मात्र पुन्हा कधी दिला नाही. होळीनंतर मिशननं तिची बदली नवापूरला केली.

ईस्टरनंतर फादर आले. अभिमन पापकबुलीला गुडघे टेकून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं.

फादरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “म्हणजे तू तिच्याबरोबर प्रार्थना केलीस?”

“नही फादर. करी नही. तेच पाप सांगी ऱ्हायनू.”

फादरांच्या आठ्या उतरल्या. मग म्हणाले, “अभिमन, माझ्या पुस्तकात हे पाप नाही.”

“मन्हा घरमा शे, फादर.”