देवी लेकीकडं जाणार होती

मला देवी येते, हे हदगावात आमच्या गल्लीला पक्कं ठाऊक होतं. एकाएकी घाम फुटायचा, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, हातपाय लटलटा कापायचे. एकदा मंगळवारी सोयाबीन निवडताना असं झालं अन् शेजारणीनं माझा मळवट भरला. इतर वारीही व्हायचं, पण तेव्हा मी नुसती आजारी ठरायची.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. कधी पाण्याला न विचारणारी सासू माझ्या पाया पडली. त्याच भरात एकदा सगळ्यांसमोर देवी होऊन बोलून गेले, "ह्या बाईनंतर मी हिच्या लेकीकडं जाईन." लेक दारातच उभी होती.

पुढं चक्कर येऊन पडले तेव्हा नांदेडला नेलं. रक्तदाब मोजता मोजता डॉक्टरांचाच चेहरा उतरला. तपासण्या केल्या तर मूत्रपिंडाच्या वर गाठ निघाली. तीच रक्तात हार्मोन सोडायची, त्यानंच घाम अन् धडधड व्हायची, अन् आम्ही तिला नारळ फोडत होतो!

ऑपरेशन झालं. मग डॉक्टर म्हणाले, "बाई, गाठीचा तुकडा अन् तुमचं रक्त तपासायला पाठवलंय. जन्मतःच जीनमध्ये बिघाड असला तर लेकीतही येऊ शकतो."

एकुलती एक लेक, लातूरला क्लास लावून डॉक्टर व्हायला निघालेली. रिपोर्ट येईपर्यंत फोन वाजला तरी मी दचकायची.

रिपोर्ट आला. गाठीला आवर घालणारा जीन मोडलेला नव्हता. गाठीतच त्याच्यावर मिथाइल नावाच्या रसायनाच्या खुणा बसून तो बंद पडला होता. रक्तात तसा काही बिघाड सापडला नाही. "लेकीत यायची शक्यता फार कमी," डॉक्टर म्हणाले. "तरी एकदा तपासून घेऊ."

मी लगेच लेकीला फोन लावून सगळं सांगितलं.

"मिथायलेशन ना? शिकवलंय आम्हाला. जीन तोच राहतो, त्याचं काम थांबतं." अन् एकदम रडायलाच लागली. "आई, मलाबी घाम सुटायलाय, छाती धडधडायलीय. दोन महिने झाले. तूच म्हणली होतीस, देवी माझ्याकडं येणार."

"अगं, ती देवी नव्हती, गाठ होती!"

"म्हणूनच तर सांगितलं न्हाई. माझ्यातबी गाठच निघाली तर?"

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून लातूर गाठलं. दवाखान्यात लेकीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, तेव्हा देवीचं नाव घ्यायलाही मी भ्याले.