फोटोच्या जागी लिहिलेली ओळ

रेवाराम गेल्याची बातमी गावच्या मोबाइल ग्रुपवर आली आणि तासाभरात हात जोडलेल्या चित्रांनी फोन भरून गेला. जी माणसं हयातभर त्याला ‘येडा मिस्त्री’ म्हणत होती, तीच त्याला ‘गावचं भूषण’ म्हणू लागली. मला संताप आला. रडू मात्र आलं नाही, खोटं कशाला बोलू? पहिला विचार मनात आला तो हा, की आता ती ओळ कोण काढणार... त्या एका ओळीपायी नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

केशोरीकडच्या आमच्या गावात रेवारामचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि शेजारी माझा फोटो स्टुडिओ. शेतातल्या जळक्या मोटारी भरता भरता हा पठ्ठ्या गोंदियाच्या सायबर कॅफेत जाऊन वेबसाइट बनवायला शिकला, दोन हजार सालाच्या आसपास. विषय काय, तर आपल्या भागातले जुने तलाव, त्यांची मातीची पाळ, त्यांचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार. फोटो माझे, फुकट. मला वाटायचं, जरा झगमग असावी, पळती अक्षरं असावीत, साइट उघडली की गाणं वाजावं. तो म्हणे, “जगानं नेम ठरवले हायेत, त्याच नेमानं पान लिहाचं. तारेचा एक आटा चुकला तं मोटार जरते.” प्रत्येक पान तो चुका शोधणाऱ्या एका साइटवर टाकायचा आणि एकही चूक उरली नाही तेव्हाच जेवायला उठायचा. इतका हट्टी, तुसडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या नेमांत एक असा, की फोटोत काय आहे ते फोटोमागं शब्दांत लिहून ठेवायचं. अंधांना ऐकता यावं म्हणून, आणि फोटो उमटला नाही तर वाचता यावं म्हणून. आमच्याकडचं तेव्हाचं इंटरनेट म्हणजे आनंदच! फोटो येतच नसत. मी जीव ओतून काढलेल्या फोटोंच्या जागी रिकामी चौकट आणि आत रेवारामची वाक्यं. ती वाचून लोक मला सांगत, “फोटो मस्त हाय!”

मग तलावाची पाळ दुरुस्त झाली, त्या दिवशीचा फोटो. हार घातलेले पुढारी तुडुमाजवळ उभे. तिथेच कमळाबाई होती, चिखलानं भरलेल्या लुगड्यात. नवरा मेल्यापासून गावाला पाणी सोडायचं काम तीच करायची. मी म्हणालो, “बाई, बाजूले व्हा, फोटो काढून राहिलो ना.” ती झाली बाजूला. रेवारामनं फोटोमागं लिहिलं, ‘तुडुमाजवळ हार घातलेले पाच पुढारी. रोज तुडूम उघडणारी कमळाबाई इथेच उभी होती. फोटोवाल्याने तिला बाजूला केले.’

फोटो कुणाला दिसला नाही, ओळ मात्र तालुकाभर वाचली गेली. लग्नाचे फोटो काढायला गेलो तर पोरं हसत, “काका, आमाले नका सरकवू!” मी त्याच्या दुकानात जाऊन तोंडाला येईल ते बोललो, ओळ काढ म्हणालो.

“काऊन काढू?” तो तार गुंडाळत म्हणाला. “खोटं असन तं सांग, आत्ता काढतो.”

मी तसाच माझ्या स्टुडिओत निघून गेलो... आणि मग त्याच्याशी बोललोच नाही.

तो गेल्याला महिना झाला तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, बोलावलं. हातात पासवर्डाची चिठ्ठी. “भाऊजी, तुमाले ते काढाचं होतं ना? काढून टाका. मले तो डब्बा समजत नाई.”

भर दुपारी त्याच्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसलो. मोडका पाय तांब्याच्या तारेनं आवळलेली खुर्ची. ओळ जागेसकट खोडली, तर तपासणीत लगेच चूक आली, फोटोचं वर्णन नाही. जागा ठेवून आत रिकामं सोडलं तर चालतं, पण शेजारीच त्यानं स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती, ‘रिकामं फक्त शोभेच्या चित्राला.’ माझा फोटो शोभेचा? मेल्यावरही टोमणा! मग म्हटलं, मीच लिहितो. ‘तुडुमाजवळ हार घातलेले पाच पुढारी’, इथवर लिहिलं आणि हात थांबला. पुढे लिहिण्यासारखं खरं असं एकच होतं. त्याला एक कचकचीत शिवी हासडली आणि ते लिहिलं. ‘कमळाबाई इथेच उभी होती. मी तिला बाजूला केले.’ खाली माझं नाव.

“काढली काय भाऊजी?” वहिनींनी दारातून विचारलं.

“त्याची काढली, वहिनी,” मी म्हणालो. “आता माही हाय.”