रफूमावशींच्या व्हिडिओतला डाग

रफूमावशींचे यजमान गेले, ही बातमी आमच्या रस्त्यावर पसरली ती चष्म्याच्या दुकानातून. तिथल्या बाईंनी काचेतून पलीकडे पाहिलं, तर मावशींच्या दुकानात उजव्या कोपऱ्यात कोणाला तरी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत गुंडाळून बसवलेलं, आणि शेजारी मावशी शांतपणे सुईत दोरा ओवताहेत. बाईंनी आधी आजूबाजूच्या दुकानांत कळवलं. मग चेहरा पाडून रस्ता ओलांडला, मावशींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फार सहन केलंत हो तुम्ही."

"अजून करतेय," मावशी म्हणाल्या. "तिकडे बसा. मध्ये येऊ नका, चालू आहे."

चादरीतून आवाज आला, "बाई, तुमची सावली पडतेय."

बाईंना पाणी पाजावं लागलं. साऱ्या रस्त्याला नजरेचे नंबर काढून देणाऱ्या बाईंची ही नजर. तर खुलासा असा, की यजमान ठणठणीत होते आणि आहेत. त्यांना चादरीत बसवलं होतं ते मोबाइलमधल्या एका ॲपचे पैसे वाचवायला.

आता हे कसं, ते मुळापासून सांगायला हवं.

मावशी रफू करतात. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शालीला कसरीने खाल्लं, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून, केसाएवढ्या सुईने आडवेउभे विणून त्या ते भोक असं बुजवतात की ज्याने पाडलं त्यालाही सापडू नये. कपडा परत देताना गिऱ्हाइकाला विचारतात, "दाखवा बरं, कुठे होतं?" गिऱ्हाईक शोधायला लागलं की चहा मागवतात. स्वतःपुरता. आणि कोणाला चुकून सापडलंच, तर पुढचे दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाहीत. म्हणजे यजमानांशी, कारण घरात तिसरं कोणी नाही.

यजमानांना सगळे लिफ्टकाका म्हणतात. त्यांचा उभा जन्म एका मोठ्या दुकानाची लिफ्ट चालवण्यात गेला. हजारो लोकांना वर पोचवलं आणि स्वतः रोज संध्याकाळी तळमजल्यावर उतरले. निवृत्त झाल्यावर बोटांना बटण मिळेना, म्हणून ते मोबाइलच्या नादी लागले.

एवढ्यात लाँड्रीचं प्रकरण निघालं. रस्त्याच्या टोकाच्या लाँड्रीवाल्यांनी गावभर शाखा काढल्या आणि ठरवलं, की सगळ्या शाखांतले फाटके कपडे आता एकाच ठिकाणी द्यायचे. एक तर मावशींकडे, नाहीतर नाक्यावरच्या मशीनवाल्याकडे. मशीनवाला भोकावर मशीन फिरवून मुंगळा चिरडल्यासारखी खूण ठेवतो, पण उभ्या उभ्या काम देतो. लाँड्रीवाले दोघांनाही म्हणाले, "आपापल्या कामाचा एकेक व्हिडिओ पाठवा. बघतो आणि सांगतो." मावशींचं निम्म्याहून जास्त काम याच लाँड्रीतून यायचं. ते गेलं असतं तर नवराबायकोने दुकानात समोरासमोर बसून एकमेकांचे कपडे उसवायचे, एवढाच धंदा उरला असता.

काकांनी व्हिडिओ जोडायचं एक ॲप मोबाइलवर घेतलं. फुकटातलं. राखाडी कोट, बाहीला भोक, मावशींची बोटं आणि शेवटी अखंड बाही, असा व्हिडिओ बेतला. एक दृश्य वर सरकायचं की दुसरं खालून यायचं, आणि दर वेळी टिंग वाजायचं. सवय, दुसरं काय. पण तयार व्हिडिओ उघडला तर खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ॲपचं नाव, आणि तेही नेमकं रफूच्या डोक्यावर बसलेलं.

मावशींनी भिंग लावून पाहिलं. "माझ्या कामावर हे नाव कोणाचं?"

"ॲपचं. फुकट वापरलं की उमटतं. पैसे भरले की जातं."

"म्हणजे डाग पाडणारे तेच आणि काढायचे पैसे घेणारेही तेच?"

"तसंच म्हणायचं."

"आणि मी बावळट इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांना भोकं पडायची वाट बघत बसले. कात्री तर हातातच होती."

त्यात पैसे महिन्याच्या महिन्याला. हे तर त्यांच्या गळी उतरेचना. एक भोक, एकदा बुजवलं, एकदा पैसे, हा त्यांचा हिशोब. शेवटी त्यांनी काकांना ॲपच्या मदतकेंद्राला निरोप लिहायला बसवलं. त्या सांगत गेल्या आणि काका टिपत गेले: डाग एकच आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. तेवढ्याचं काय घ्याल ते कळवावे. घाई आहे. काम आवडल्यास पुढेही देऊ.

उत्तर लगेच आलं. तुमचा उत्साह पाहून आम्हाला आनंद झाला, आणि खाली नाचणारा फुगा.

"भाव विचारला तर फुगा दाखवतोय," मावशी म्हणाल्या. "या माणसाशी व्यवहार नको."

मग त्यांनी स्वतःच डोकं चालवलं. अक्षरं पांढरी, तर त्या कोपऱ्यात पांढरंच काहीतरी असलं की झालं. रंगात रंग मिसळवणं हाच तर धंदा. आधी टॉवेल टांगला, तो घसरला. ताटली उभी केली, ती चकाकली. मग त्यांची नजर हळूहळू काकांवर आली.

"अगं, पण मी तिथे बसलो तर मोबाइल कोण धरणार?"

"स्टँड आहे ना. स्टँड बडबड पण करत नाही."

अशा तऱ्हेने काका चादरीत गेले. अक्षरं खरोखर दिसेनाशी झाली, फक्त काकांनी श्वास घेतला की पोटावर पुसट तरंगायची. "श्वास जरा बेताने घ्या," असं मावशींनी सांगून पाहिलं. आणि त्याच दिवशी चष्म्याच्या बाई समाचाराला आल्या.

यापुढे काकांनी जे केलं त्याला क्षमा नाही. चांगला भाग निवडून पाठवायचा सोडून त्यांनी तो अख्खा व्हिडिओ लाँड्रीवाल्यांना पाठवून दिला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"मावशी, व्हिडिओ पाहिला. एक बाई रडतेय, मागे भूत बसलंय, आणि भुताच्या पोटावर काहीतरी लिहिलंय. यात रफू कुठे आहे?"

"भुताच्या डावीकडे," मावशी म्हणाल्या.

"मशीनवाल्याचा सरळ आहे हो. उद्यापर्यंत नीट पाठवा, नाहीतर मी त्याला हो म्हणून टाकतो."

फोन ठेवून मावशींनी सुई खोचून ठेवली. काका चादरीची घडी घालत होते, ते म्हणाले, "मी आपला बसतो पुन्हा. म्हणशील तर श्वास धरून." मावशींनी चादर त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या म्हणाल्या, "भरा पैसे. एकच महिना. पण काम मी तपासून घेणार."

पैसे भरले. पहिला व्हिडिओ, तो राखाडी कोटाचा, पुन्हा तयार झाला. मावशींनी मोबाइल खिडकीशी नेला, उजेडाकडे धरला, भिंगाने कोपरा न् कोपरा पाहिला. अक्षरं होती त्या जागेवरून नखही फिरवून बघितलं. मग मोबाइल उलटा करून मागची बाजू पाहिली, कारण रफू खरी कळते ती मागून.

"अगं, मागे काय असणार?"

"कच्च्या कारागिराची गाठ मागेच असते." त्यांनी पुन्हा पाहिलं. गाठ नव्हती. "हात चांगला आहे मेल्याचा. बोलायला लबाड आहे, पण हात चांगला."

मावशींच्या तोंडून दुसऱ्या कारागिराची एवढी स्तुती रस्त्याने कधी ऐकली नव्हती. काकांनी तर घड्याळाकडे बघून वेळ लक्षात ठेवली.

व्हिडिओ गेला, आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाले स्वतःच दुकानात आले. काखेत फाटक्या कपड्यांचं गाठोडं होतं, पण ते खाली ठेवत नव्हते. मशीनवाल्याकडे जाता जाता वाटेत थांबल्यासारखे उभे होते.

"मावशी, व्हिडिओ स्वच्छ आहे, पण त्यात काही दिसतच नाही."

"काय दिसायला हवं होतं?"

"काम. आधी भोक आहे, मग तुमची बोटं, मग बाही. त्या बाहीवर काहीच नाही. आमचा हिशोबनीस म्हणतो दुसरा कोट दाखवला असेल. मशीनवाल्याचं काम निदान कळतं तरी, इथे केलंय म्हणून."

मावशींनी तोच राखाडी कोट खुंटीवरून काढला, त्यांच्यापुढे टाकला आणि भिंग हातात दिलं. लाँड्रीवाल्यांनी बाही पाहिली. दुसरी बाही पाहिली. खिसे पाहिले, कॉलर पाहिली, अस्तर उलटं केलं. काकांनी मदत म्हणून "जरा वर, जरा खाली" असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा मावशींनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. चष्म्याच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही नजर टाकली, पण त्यांचं कोण धरतो.

अखेर लाँड्रीवाल्यांनी कोट खाली ठेवला. भिंग हातातच होतं. "सापडत नाही, मान्य. पण मावशी, गिऱ्हाईक मला विचारणार. जे दिसत नाही त्याचे पैसे मागायचे कसे?"

यावर मावशी जे बोलल्या त्याचे आमच्या रस्त्यावर बरेच पाठ प्रचलित आहेत. चष्म्याच्या बाईंचा पाठ सगळ्यात लांब आहे आणि त्यात मावशींच्या डोळ्यांत पाणीही येतं. पण भरलेला महिना वसूल करायला काकांनी सकाळपासून नवा व्हिडिओ घ्यायला लावलेला स्टँडवरचा मोबाइल ते बंद करायला विसरले होते, त्यामुळे खरं काय ते टिंगसकट जपून ठेवलेलं आहे, आणि गाठोडं खाली टेकल्याचा आवाजही त्यात स्पष्ट येतो. मावशींनी सुईवरची नजरसुद्धा न उचलता म्हटलं होतं:

"डाग दिसेनासा केला म्हणून त्या मोबाइलमधल्या माणसाला मी कालच पैसे भरलेत, त्याचं तोंडही न बघता. मी निदान तुमच्यासमोर बसलेय. गाठोडं ठेवा आणि माझं भिंग द्या इकडे."